अनवाणी: व्रत, वेठ आणि वेग

मराठीत पोटाच्या रिकामेपणासाठी दोन वेगळे शब्द आहेत. माणूस स्वतःहून अन्न सोडतो तो 'उपास', आणि अन्नच मिळत नाही तेव्हा होते ती 'उपासमार'. एकादशीच्या उपासाला उपासमार म्हणण्याची चूक कोणी करत नाही, आणि दुष्काळात मेलेल्याला उपास घडला असे म्हणण्याची क्रूरताही सहसा कोणी दाखवत नाही. पायांच्या बाबतीत मात्र आपल्या भाषेने असा भेद केलेला नाही. संस्कृत 'उपानह्'पासून 'वहाण' आली आणि जिच्या-ज्याच्या पायांत वहाण नाही ते अनवाणी. वहाण दाराशी काढून ठेवलेला यात्रेकरू अनवाणी, आणि जन्मात कधी वहाण न मिळालेला गावकामगारही अनवाणीच. शब्द वहाणेच्या अभावाची नोंद घेतो, अभावाचे कारण सांगत नाही.

कारण सांगण्याचे काम मग इतिहासाला आणि साहित्याला करावे लागते. सोलापूर आणि त्याच्या आसपासचा मुलूख ह्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे, कारण थंडीत अनवाणी चालण्याच्या आणि धावण्याच्या दोन्ही परंपरा, व्रताची आणि वेठीची, इथे एकाच मातीत शेकडो वर्षे शेजारी-शेजारी नांदल्या आहेत. त्यांतल्या एका परंपरेचा उत्सव होतो. दुसरीची आठवण मुख्यतः पुस्तकांत उरली आहे, आणि तीही फार उशिरा लिहिल्या गेलेल्या पुस्तकांत.

पौषातले सोलापूर

सोलापूर म्हटले की बाहेरच्या माणसाला उन्हाळा आठवतो. पण ह्या कोरड्या पठारी मुलखाला आपला असा हिवाळा आहे. जानेवारीत सरासरी किमान तापमान १५-१६ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि उत्तरेकडून थंडीची लाट आली की ते दहाच्याही खाली उतरते. हिमालयातल्या माणसाला ह्या आकड्यांचे काही वाटणार नाही. मात्र दुपारी तिशीच्या घरात असलेला पारा पहाटे निम्म्यावर येतो, आणि अंगावर पुरेसे कापड नसलेल्याला हा फरकच झोंबतो. रानात शाळू उभा असतो. पहाटे पानापानांवर आणि ढेकळांवर दहिवर पडते, आणि ओल धरून ठेवणारी काळी जमीन तळपायाला गार दगडासारखी लागते. जमिनीला भेगा पडू लागलेल्या असतात. आधीच्या पिकाची धसकटे वर आलेली असतात.

अशा जमिनीवर अनवाणी जाणाऱ्याचा अनुभव उन्हाळ्यातल्या चटक्यांपेक्षा वेगळा असतो. चटका लगेच कळतो, पाय आपोआप उचलला जातो. थंडीत तळपाय आधी बधिर होतो. धसकट लागले, काटा रुतला तरी तेव्हा जाणवत नाही. ऊन चढून पाय शेकले की ठणका सुरू होतो. टाचांना भेगा पडतात, त्यांत माती भरते, आणि त्या रात्री कोकमाचे तेल गरम करून भरल्या जातात. थंडीत अनवाणी माणूस सावकाश चालण्याऐवजी झपाझप चालतो, धावतो, ह्याचे कारण उत्साह हेच असते असे नाही. धावणाऱ्या पायात रक्त खेळते आणि तो लवकर गरम होतो, एवढे साधे ते असते.

ह्याच दिवसांत, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास, सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा भरते. लोक तिला गड्डा यात्रा म्हणतात.

बाराबंदी आणि अनवाणी पाय

बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धराम हे सोलापूरचे ग्रामदैवत. बसवेश्वर आणि अल्लमप्रभू ह्यांचे ते समकालीन. त्यांची कन्नड वचने प्रसिद्ध आहेत. सोलापूरचे जुने नाव सोन्नलगी. तिथे त्यांनी तलाव खोदवला आणि गावाभोवती अडुसष्ट लिंगे स्थापली अशी परंपरा आहे. यात्रेच्या विधींमागची कथा थोडक्यात अशी: एका कुंभारकन्येने सिद्धरामांशी विवाहाची इच्छा धरली. विरक्त सिद्धरामांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती दिली. त्या योगदंडाचे प्रतीक म्हणजे नंदीध्वज. ते सात आहेत. पहिला दिवस यन्निमज्जनाचा, म्हणजे अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करण्याचा. भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता, संक्रांतीला होम, दुसऱ्या दिवशी शोभेचे दारूकाम आणि शेवटी कप्पडकळी.

ह्या नावांकडे भाषेच्या अभ्यासकाने जरा थांबून पाहावे. 'एण्णे' म्हणजे कन्नडात तेल. 'मज्जन' म्हणजे स्नान. 'कप्पड' म्हणजे वस्त्र, आणि ते उतरवण्याचा विधी म्हणजे कप्पडकळी. महाराष्ट्रातल्या एका मोठ्या शहराच्या मोठ्या यात्रेचे विधी आजही कन्नड नावांनी ओळखले जातात, अक्षतांच्या वेळची संमती कन्नडातच वाचली जाते, आणि जमलेल्या लाखोंमध्ये मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलणारे सारे असतात.

नंदीध्वज म्हणजे पुरुष-दोन पुरुष नव्हे, तर कितीतरी उंच असा सजवलेला वेळूचा खांब. तो एका वेळी एकच मानकरी कमरेशी तोलून उभा धरतो आणि पुढे चालतो. तोल सांभाळण्याचा सराव आधी कित्येक आठवडे चालतो. ध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत. अंगात पांढरी बाराबंदी, धोतर, डोक्याला फेटा आणि पाय अनवाणी. 'एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र' ह्या घोषात उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून निघालेली मिरवणूक शहराला वळसा घालते. मिरवणुकीच्या मार्गावरचे खड्डे आणि खडी यात्रेपूर्वी दूर करा, कारण भक्त अनवाणी असतात, ही मागणी सोलापुरात नेहमीची आहे. तिच्यात गैर काहीच नाही. अनवाणी पावलाची काळजी वाहणारे शहर असणे ही चांगली गोष्ट आहे. पुढच्या विवेचनासाठी एवढेच ध्यानात ठेवू, की ज्याने वहाण काढून ठेवली त्याच्या पायाखालचा रस्ता हा इथे सार्वजनिक प्रश्न होतो.

धावणारा मुलगा

ह्या यात्रेच्या मुळाशी एक धावणे आहे, आणि तेही ह्याच मोसमातले. तेराव्या शतकाच्या आसपास होऊन गेलेला कन्नड कवी राघवांक, हरिहराचा भाचा आणि षट्पदी छंदाला प्रतिष्ठा देणारा कवी, ह्याने सिद्धरामांचे चरित्र काव्यात लिहिले. सोन्नलगीच्या मुद्दगौडा आणि सुग्गव्वा ह्यांचा हा मुलगा अबोल, भोळसट समजला जाणारा. गुरे राखतो, रान राखतो. एके दिवशी त्याच्याकडे एक जंगम येतो, आपले नाव मल्लय्या आणि आपण श्रीशैलाचे, असे सांगतो, आणि रानातले कोवळे दाणे मागतो. सोलापुरात सांगितल्या जाणाऱ्या कथेत हा हुरडा असतो. हुरडा म्हटला की मोसमही ठरतो, मार्गशीर्ष-पौषाचा. हुरडा खाल्ल्यावर पाहुणा म्हणतो, पोटात आग पडली आहे, दहीभात आण. मुलगा घराकडे धाव घेतो. आईकडून दहीभात घेऊन परततो तोवर पाहुणा नाहीसा झालेला असतो.

मग मुलगा त्याला हाका मारीत हिंडतो. श्रीशैलाला निघालेल्या यात्रेकरूंमागे तोही चालू लागतो. सोलापूर ते श्रीशैल हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी साडेतीनशे किलोमीटरच्या घरात जाते. तिथे त्याला लिंग दाखवले जाते, तेव्हा तो म्हणतो, हा माझा मल्लय्या नव्हे. शेवटी तो कड्यावरून स्वतःला झोकून देऊ पाहतो आणि मल्लिकार्जुन त्याला सावरतो. सोन्नलगीला परत जा, तिला दुसरे श्रीशैल कर, अशी आज्ञा घेऊन तो परततो.

चरित्रकाव्यातला चमत्कार बाजूला ठेवला तरी ह्या प्रसंगाचा मानवी गाभा स्पष्ट आहे. भुकेल्याने मागितले म्हणून एक मूल धावले. त्याला कोणी हुकूम दिला नव्हता. न धावण्याची त्याला मोकळीक होती. त्याच्या धावण्याला मोल आले ते ह्या मोकळिकीमुळे. भक्तिकाव्यात अनवाणी पाऊल पवित्र ठरते ते केवळ सोसलेल्या कष्टामुळे नव्हे, तर सोसणाऱ्याने ते आपण होऊन पत्करले म्हणून. कष्ट पवित्र करणारी गोष्ट संमती आहे. सोलापूरच्या यात्रेतला मध्यवर्ती विधी संमतीचा असावा, हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो.

संमती काढून घेतली, की तेच अंतर, तीच थंडी आणि तेच पाय असूनही कथा संपूर्ण बदलते. ती बदललेली कथा पाहण्यासाठी सोलापूर जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. मंगळवेढा जवळच आहे.

मंगळवेढ्याची वाट

मंगळवेढ्याशी दोन संतकथा जोडलेल्या आहेत. पहिली चोखोबांची. गावकुसाचे बांधकाम करण्यासाठी त्यांना वेठीला धरून नेले होते. कूस कोसळले आणि त्याखाली इतर मजुरांबरोबर चोखोबाही गेले. परंपरेने ह्या घटनेचे साल १३३८ मानले जाते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरी आणल्या आणि महाद्वारापाशी त्यांची समाधी झाली. ज्या संताला देवळात प्रवेश नव्हता, त्याचा मृत्यू गावाचे रक्षण करणाऱ्या भिंतीखाली झाला. गावकुसाबाहेर राहणाऱ्यानेच गावकूस बांधायचे होते.

दुसरी कथा त्यानंतरच्या शतकातली, दामाजीपंतांची. बेदरच्या सत्तेचा मंगळवेढ्याचा हा अधिकारी. दुष्काळात त्याने सरकारी कोठारे लोकांसाठी खुली केली आणि त्याच्यावर राजाचा कोप झाला. तेव्हा विठ्ठल महाराचे रूप घेऊन बेदरच्या दरबारात गेला आणि धान्याची रक्कम भरून आला. महिपतींनी 'भक्तविजया'त (१७६२) सांगितलेली ही कथा कीर्तनांनी घरोघर पोचवली. खांद्यावर घोंगडी, हातात काठी अशी विठू महाराची मूर्ती मराठी मनात पक्की झाली आहे. मंगळवेढ्याहून बेदर दोनशे किलोमीटरहून दूर. कीर्तनकार ते अंतर एका ओळीत ओलांडतो, कारण देवाला अंतर नसते.

हे अंतर माणसाच्या पायांनी मोजून पाहिले तर काय दिसते? देवाने जे काम केले ते काल्पनिक नव्हते. सरकारी रक्कम, पत्रे, निरोप ठाण्याला पोचवणे हे गावच्या महाराचे नित्याचे, वंशपरंपरेने आलेले काम होते. कथेला त्या कामाची संपूर्ण माहिती आहे, म्हणूनच तिने देवाला नेमके तेच रूप दिले. महारांच्या बावन्न हक्कांची सनद बेदरच्या दरबारातून मिळाली अशी आख्यायिका आहे, आणि तिचा धागाही विठू महाराच्या ह्या फेरीशी जोडला जातो.

भक्तिपरंपरेच्या कल्पनाशक्तीची झेप इथे मान्य करायलाच हवी. देवाने महार व्हावे ही कल्पना करायला धैर्य लागते. पण त्या झेपेची मर्यादाही ह्याच कथेत दिसते. देव एक दिवस महार झाला आणि परतला. महाराची वेठ मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा सुरू झाली. कथेने कामाला देवत्व दिले, कामापासून सुटका दिली नाही. चोखोबा आणि विठू महार ह्यांना एकाच गावाच्या पार्श्वभूमीवर शेजारी ठेवून वाचले, तर मराठी भक्तिसाहित्यातला हा ताण कोणत्याही सैद्धांतिक परिभाषेशिवाय विद्यार्थ्यांपुढे उभा राहतो.

धावणे हे काम

तार आणि आगगाडी येण्यापूर्वी बातमी ही माणसाच्या पायांइतकीच वेगवान होती. घोडेस्वार होते, पण सगळ्या वाटांवर नव्हते आणि सगळ्यांना परवडणारे नव्हते. मराठी कागदपत्रांतून जासूद, काशीद, हरकारा असे शब्द भेटतात. पत्रे पोचवणारे जासूद पुष्कळदा जोडीने पाठवले जात, म्हणून 'जासूदजोडी'. पानिपतचा पराभव झाला तो १४ जानेवारी १७६१ रोजी, पौषात. त्याची पहिली बातमी नानासाहेब पेशव्यांना दहाएक दिवसांनी भेलशाच्या बाजूला एका सावकारी काशिदाजवळच्या पत्रातून कळली. त्या पत्रावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. उत्तरेच्या हिवाळ्यात ते घेऊन निघालेल्या पायांबद्दल अर्थातच काही लिहिले गेलेले नाही.

जासूद आणि काशीद ह्यांना निदान मेहनताना होता. गावपातळीवरच्या धावण्याची गोष्ट वेगळी. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांच्या 'गावगाडा' (१९१५) ह्या ग्रंथात गावकामगारांची कामे तपशिलाने आली आहेत. तराळ किंवा येसकर म्हणून पाळी असलेल्या महाराने सरकारी टपाल पुढच्या गावी न्यायचे, साऱ्याची रक्कम तालुक्याला पोचवायची, आलेल्या अंमलदाराला वाट दाखवायची, कोणी मेले तर नातलगांच्या गावी खबर द्यायची. मयत रात्री झाले तर खबर रात्रीच निघायची. पौषाची पहाट आहे किंवा श्रावणातली झड आहे, ह्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. मोबदला बलुत्याचा आणि वतनाच्या तुकड्याचा, म्हणजे किती आणि कधी ते देणाऱ्याच्या मर्जीवर.

१८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली आणि शहरातल्या बातमीचा वेग बदलला. १८७० च्या दशकात कापडगिरणी आली आणि पहाटेचा भोंगा शहराची वेळ ठरवू लागला. पण स्टेशनापासून आडगावापर्यंतचे अंतर अजूनही कोणाच्या तरी पायांनीच तोडले जात होते. ह्या पायांना कायद्याने बांधून ठेवले होते. १८७४ च्या वतन कायद्यातल्या तरतुदींवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात दुरुस्ती विधेयक मांडले, तेव्हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा हाच होता: ह्या नोकरीला वेळेची मर्यादा नाही, वतनदार हजर नसला तर त्याच्या घरातल्या माणसाला कामाला जुंपले जाते, आणि ह्या सगळ्याचा मोबदला तुटपुंजा व अनिश्चित आहे. एका माणसाला नोकरीवर ठेवून अख्खे घर राबवून घेण्याची ही सोय होती. १९२९ मध्ये त्यांना ते विधेयक मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ मध्ये, त्यांच्या निधनानंतर.

आणि ह्या धावणाऱ्यांच्या पायांत वहाण का नसे, ह्याचे उत्तर केवळ दारिद्र्य असे नाही. वहाण मिळाली तरी सवर्णांच्या आळीतून जाताना ती काढून हातात किंवा काखेत घ्यावी लागे. मेलेले जनावर ओढणारे, कातडे सोलणारे, ते कमावणारे आणि त्याची वहाण शिवणारे हात ज्या समाजांचे होते, त्यांच्याच पायांवर वहाणेची बंदी होती. कोल्हापुरी चपलेचा जो भौगोलिक निर्देशांक आज नोंदवलेला आहे, त्याच्या क्षेत्रात सोलापूर जिल्हाही येतो. ह्या कारागिरीचा अभिमान बाळगताना तिच्या इतिहासाची ही बाजू वगळता येणार नाही.

लिहिले कोणी

सिद्धरामांच्या धावण्याला राघवांक मिळाला, विठू महाराला महिपती मिळाले. तराळाच्या धावण्याला लेखक मिळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले. महारांच्या कामांची यादी तिथे आहे आणि अंमलदाराच्या घोड्यापुढे पळण्याचे कामही त्या यादीत आहे. शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ' १९८१ चे. खरात आटपाडीचे, म्हणजे सोलापूरच्या सांगोल्याला लागून असलेल्या दुष्काळी माणदेशातले. आत्मचरित्राच्या नावातच त्यांनी हे गावकाम ठेवले, आणि तराळाच्या घरातून विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंतचे अंतर त्या एका जोडशब्दात मावले. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे ह्यांचे 'अक्करमाशी' १९८४ मध्ये आले.

ही पुस्तके शिकवताना त्यांतल्या दारिद्र्याच्या वर्णनांवर भर दिला जातो आणि वाचकाच्या मनात करुणा उत्पन्न झाली की काम झाले असे समजले जाते. ह्या पुस्तकांचे म्हणणे निराळे आहे. 'गावगाडा'ने जे काम व्यवस्थेच्या बाजूने, तिचा एक दाता म्हणून सांगितले, तेच काम ही पुस्तके करणाऱ्याच्या देहाच्या बाजूने सांगतात. आत्र्यांच्या ग्रंथात टपाल पुढच्या गावी 'जाते'. आत्मकथनात ते कोणीतरी 'नेतो', आणि नेताना त्याला थंडी वाजते. हा कर्ता परत आणणे हेच ह्या लेखनाचे ऐतिहासिक कार्य. त्या आधीचा आपला गावइतिहास बराचसा कर्मणी प्रयोगात लिहिलेला आहे.

वेग

व्रत आणि वेठ ह्यांच्या पलीकडे अनवाणी धावण्याचा तिसरा अर्थ विसाव्या शतकात घडला, तो खेळाचा. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांना सर दोराबजी टाटा अध्यक्ष होते. पुढे १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्या दिवसांची आठवण नोंदवली. धावणारी मुले शेतकरी वर्गातली, हलक्यासलक्या अन्नावर जगणारी. आधुनिक प्रशिक्षण वा नियम त्यांना ठाऊक नाहीत. सुमारे पंचवीस मैलांच्या शर्यतीत उतरलेल्यांना कच्च्या आणि खडीच्या रस्त्यांवर अनवाणी धावण्याची सवय. तरीही पहिल्या काहींची वेळ दखल घेण्याजोगी होती. ह्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय चमू पाठवण्याची कल्पना निघाली. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरॅथॉन धावले, ४२ किलोमीटर ७५० मीटरचे अंतर २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत तोडून एकोणिसावे आले.

ही मुले इतकी का धावू शकत होती, ह्याचे उत्तर टाटांच्या वर्णनातच आहे. धावणे हा त्यांचा खेळ नव्हता, ती त्यांची वाहतूक होती. खेळाच्या मैदानाने एवढेच केले, की ज्या क्षमतेची आजवर फक्त वसुली होत होती तिची पहिल्यांदा वेळ नोंदवली आणि धावणाऱ्याचे नाव लिहून घेतले. हे 'एवढेच' फार मोठे आहे. तराळाच्या फेऱ्यांची नोंद सरकारी दप्तरात पोचलेल्या टपालाच्या नावाने झाली. चौगुल्यांची नोंद त्यांच्या स्वतःच्या नावाने झाली.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने अनवाणी धावून मॅरॅथॉन जिंकली. १९६४ मध्ये तोक्योला त्याने बूट घालून ती पुन्हा जिंकली. जगाला पहिली शर्यत आठवते, दुसरी फारशी आठवत नाही. २०१० च्या सुमारास पाश्चात्त्य देशांत अनवाणी धावण्याचे नवे आकर्षण निर्माण झाले. डॅनियल लिबरमन आणि सहकाऱ्यांच्या त्या वर्षीच्या संशोधनाने दाखवले, की सवयीने अनवाणी धावणारे बहुधा टाचेऐवजी पुढच्या चवड्यावर उतरतात आणि जमिनीचा आघात त्यांना कमी बसतो. पाठोपाठ अनवाणी असल्याचा भास देणारे महागडे बूट बाजारात आले. त्याच २०१० मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांत १०,००० मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळवून आली, आणि तिच्या सुरुवातीच्या अनवाणी सरावाच्या कथा वर्तमानपत्रांतून झळकल्या. त्या कथा कौतुकाच्या सुरात होत्या. तिच्या पायांत बूट नव्हते ते घरी पैसे नव्हते म्हणून, हे त्याच कौतुकात बुडून गेले. वंचनेचे रूपांतर वैशिष्ट्यात करण्याची ही जुनी सवय आहे. देवाला महार करणाऱ्या कथेपासून ती आपल्याला अवगत आहे.

उसाच्या फडात

आज सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. गळिताचा हंगाम नेमका थंडीचा. मराठवाड्यातून आणि इतर दुष्काळी पट्ट्यांतून आलेली कुटुंबे फडाच्या कडेला कोप्या घालून राहतात आणि पहाटेच्या अंधारात कोयता घेऊन फडात उतरतात. पाचट दहिवराने भिजलेले असते. तोडलेल्या उसाचे बुडखे तिरके, धारदार वर राहतात. आईबापांबरोबर आलेली मुले ह्यातून वाढे गोळा करीत, मोळ्यांच्या मागेपुढे धावत असतात. त्यांतली कित्येक अनवाणी असतात. ह्याच पंधरवड्यात थोड्याच अंतरावर सिद्धेश्वराची यात्रा भरलेली असते.

जुलै २०२३ मध्ये राज्य शासनाने शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या सर्व विद्यार्थ्यांना एक जोडी बूट आणि दोन जोड्या पायमोजे देण्याचा निर्णय घेतला. दर विद्यार्थ्यामागे १७० रुपये. ह्या रकमेत येणारा बूट किती टिकेल हा प्रश्न रास्त आहे, आणि सहा महिने शाळेपासून दूर फडात असलेल्या मुलापर्यंत तो पोचेल का, हा त्याहून रास्त. तरीही एका गोष्टीची इतिहासात नोंद व्हायला हवी: मुलाचे पाय अनवाणी असणे ही त्याच्या घरची बाब नसून शासनाची जबाबदारी आहे, असे ह्या मुलखात अधिकृतपणे म्हटले गेले. ज्या शासनाच्या पूर्वसुरींनी शतकानुशतके आपले टपाल अनवाणी पायांवर वाहून नेले, त्याने हे म्हणणे काही लहान नाही.

यात्रेतल्या बाराबंदीखालचे अनवाणी पाय ह्या सगळ्यामुळे कमी आदरणीय ठरत नाहीत. वहाण काढून ठेवणाऱ्याच्या व्रताला अर्थ येतो तो त्याच्याकडे वहाण असते म्हणून. ज्या गावात प्रत्येकाच्या दाराशी वहाण असेल त्याच गावात अनवाणी चालणे हे प्रत्येकाचे व्रत होऊ शकेल. तोवर 'अनवाणी' हा शब्द कोणत्याही मजकुरात भेटला, की त्याच्या आधी थांबून एक प्रश्न विचारायला हवा, ह्या पायांतली वहाण काढली कोणी? अभंगात, बखरीत, गॅझेटियरात किंवा क्रीडापानावर, ह्या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्याच वाक्यात मिळत नाही. ते शोधण्यासाठी दुसरे पुस्तक उघडावे लागते.